कोरडे बंदर : सोय कोणाची, लाभ कोणाला?



आज मी तुम्हांला एका बंदरावर घेऊन जाणार आहे. पण या बंदरावर समुद्र नाही. गलबत नाही, खारा वारा नाही, कोळ्यांची जाळीही नाहीत. तिथे आहे आगगाडीचा रूळ, चारी बाजूंनी कुंपण घातलेले मोठे पटांगण, माल उचलणाऱ्या उंच याऱ्या, आणि आपल्या घरात गाडग्यामडक्यांची उतरंड असते तशी लोखंडी पेट्यांची उतरंड. सरकारी कागदात या जागेला 'इनलँड कंटेनर डेपो' म्हणतात. बोलताना लोक 'ड्राय पोर्ट' म्हणतात. आपण आपल्या भाषेत त्याला कोरडे बंदर म्हणू.

आता तुम्ही म्हणाल, "बंदराशी आमचा काय संबंध? आमचे गाव समुद्रापासून दोनशे कोस." नेमके म्हणूनच हा विषय काढला. समुद्र तुमच्या गावी येऊ शकत नाही, म्हणून बंदराचे कामकाज तुमच्या जवळ आणायचे, ही या कोरड्या बंदरामागची कल्पना आहे. कल्पना चांगली आहे. पण कोणतीही नवी सोय आली की शहाण्या माणसाने दोन प्रश्न विचारावेत. ही सोय कशी चालते? आणि हिचा लाभ कोणाच्या पदरात पडतो? आज या दोन प्रश्नांचाच विचार करू.

आधी जुनी गोष्ट आठवा. माझ्या लहानपणी आमच्या स्टेशनाला मालधक्का होता. गावचा माल तिथून बाहेर जाई. एका पोत्याचा प्रवास पाहा. शेतातून ते बैलगाडीत चढे. बैलगाडीतून आडत्याच्या गाळ्यात उतरे. गाळ्यातून ट्रकमध्ये, ट्रकमधून मालधक्क्यावर, धक्क्यावरून वाघिणीत, वाघिणीतून मुंबईच्या गोदीत, आणि गोदीतून जहाजाच्या पोटात. मोजा बरे, किती वेळा उचलले गेले? सात वेळा. दर वेळी हमालाचा आकडा पोत्यात घुसे, दर वेळी मूठ-पसा धान्य सांडे. हमाली, तोलाई आणि वराई यांचे पैसे दर मुक्कामाला द्यावे लागत. पावसाची सर आली तर वरचे थर भिजत. आणि जहाज? ते बिचारे माल चढेपर्यंत दिवसचे दिवस धक्क्याला उभे राहून खोळंबे.

यावर अमेरिकेतल्या एका मालट्रकवाल्याने तोड काढली. त्याचे नाव माल्कम मॅक्लीन. त्याचे म्हणणे सरळ होते. पोते पोते कशाला उचलता? सगळी पोती एका पेटीत एकदाच भरा आणि मग पेटीच उचला. २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' नावाचे जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्क बंदरातून ह्यूस्टनला निघाले. त्या काळी हाताने माल चढवायला टनामागे सुमारे सहा डॉलर पडत. पेटीने तोच खर्च सोळा सेंटांच्या आसपास आला असे सांगतात. शंभर सेंटांचा एक डॉलर होतो. म्हणजे खर्च किती पटीने उतरला, हा हिशेब गुरुजींनी वर्गातल्या मुलांकडून जरूर करून घ्यावा.

ही पेटी म्हणजेच कंटेनर. तिचे माप जगभर ठरून गेले आहे. लहान पेटी वीस फूट लांब, आठ फूट रुंद आणि साडेआठ फूट उंच. मोठी पेटी चाळीस फूट लांब. पेटीच्या आठही कोपऱ्यांना एकाच मापाची लोखंडी खाच असते. त्यामुळे चीनची यारी असो की नागपूरची, तिचा हात त्या खाचेत बरोबर बसतो. आपल्याकडे कुऱ्हाडीचा दांडा दुसऱ्याच्या कुऱ्हाडीला बसत नाही. इथे मात्र साऱ्या जगाने एक माप मानले. या पेटीची खरी ताकद लोखंडात नाही, ती या एका मापात आहे.

भारतात पहिले कंटेनर जहाज १९७३ साली कोचीनला लागले. समुद्रापासून दूर असे पहिले कोरडे बंदर १९८१ साली बंगळूरला सुरू झाले. पुढे १९८८ साली या कामासाठी रेल्वेची 'कंटेनर कॉर्पोरेशन' ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९८९ च्या मे महिन्यात मुंबईसमोर न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. आपल्या महाराष्ट्रात नागपूर, चिंचवड, दौलताबाद अशा ठिकाणी पेट्यांचे मुक्काम उभे राहिले. जालना, वर्ध्याजवळचे सिंदी, नाशकाकडे निफाड ही नावेही कोरड्या बंदरासाठी पुढे आली. आपल्या जिल्ह्यात असे काही येणार म्हणून वर्तमानपत्रात छायाचित्रे छापून येतात, कुदळ मारली जाते, नारळ फुटतो. म्हणून नारळ फुटण्याआधीच आपण ही गोष्ट समजून घेऊ.

कोरड्या बंदरात कोणकोणती कामे होतात? एकेक पाहू.

पहिले काम वजनाचे. १ जुलै २०१६ पासून असा आंतरराष्ट्रीय नियम आहे की, भरलेल्या पेटीचे प्रमाणित वजन कागदावर दिल्याशिवाय ती जहाजावर चढवायची नाही. कारण उघड आहे. जड पेटी वर आणि हलकी खाली गेली तर जहाज कलते.

दुसरे काम सीमाशुल्काचे, म्हणजे कस्टमचे. पूर्वी यासाठी मुंबईला खेटे घालावे लागत. कोरड्या बंदरात कस्टमचे अधिकारी बसतात. माल इथेच तपासतात, पेटीला मोहोर लावतात. ती मोहोर शाबूत असली की समुद्रबंदरावर पेटी सहसा पुन्हा उघडत नाहीत. परदेशातून येणाऱ्या मालालाही तोच नियम. पेटी बंद स्थितीत इथवर येते आणि आयातकर इथे भरला जातो. त्यामुळे कारखानदाराचे पैसे तेवढे दिवस त्याच्याजवळ राहतात.

तिसरे काम मालाच्या आरोग्याचे. आपला कांदा, हळद, डाळ परदेशी जायची तर त्यांत कीड नाही असा दाखला लागतो. कधी धुरी द्यावी लागते. हे काम जवळपास झाले तर माल पुन्हा पुन्हा उघडावा लागत नाही.

चौथे काम साठवणीचे. गोदाम, शीतगृह, आणि थंड पेट्यांसाठी विजेची सोय. द्राक्षाची पेटी ही चालते-फिरते शीतगृह असते. तिला वीज तुटली की आतली द्राक्षे तापू लागतात.

पाचवे काम भरणीचे. माल पेटीत कसा रचायचा, हवा कुठून खेळेल, कोणता माल कोणत्या मालाशेजारी ठेवायचा नाही, हे सारे शास्त्र आहे.

सहावे काम रिकाम्या पेट्यांचे. हे काम डोळ्यांना दिसत नाही, पण फार महत्त्वाचे आहे. तुम्हांला माल पाठवायचा तर रिकामी पेटी हाताशी हवी. ती मुंबईहून रिकामी आणावी लागली तर त्या रिकाम्या फेरीचे भाडे तुमच्याच मालावर बसते. २०२०-२१ साली साथीच्या काळात जगभर पेट्यांचा तुटवडा पडला होता. शेतात माल तयार होता, बाहेर गिऱ्हाईकही होते. मध्ये फक्त लोखंडाची रिकामी पेटी मिळत नव्हती.

आणि सातवे काम आगगाडीचे. पंचेचाळीस वाघिणींची गाडी एका दमात नव्वद लहान पेट्या ओढते. नव्वद ट्रकांचे डिझेल, नव्वद ड्रायव्हरांचे जागरण आणि घाटातली कोंडी तेवढ्याने वाचते. नागपूर ते मुंबई हा रेल्वेने सुमारे साडेआठशे किलोमीटरांचा पल्ला आहे. इतक्या लांब पल्ल्याला रूळ स्वस्त पडतो. पल्ला जवळचा असेल तर मात्र ट्रकच सोयीचा. कारण रेल्वेने न्यायचे म्हटले की चढवणे-उतरवणे दोनदा होते. हे ध्यानात ठेवा. बंदराजवळच्या जिल्ह्याला कोरड्या बंदराचा जितका उपयोग, त्याहून अधिक उपयोग दूरच्या जिल्ह्याला.

इथवर सारे गोड आहे. आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. लाभ कोणाला?

पहिला लाभ जहाज कंपनीचा. तिचे जहाज बंदरात खोळंबत नाही. दुसरा लाभ समुद्रबंदराचा. त्याच्या अंगणातली गर्दी कमी होते. तिसरा कारखानदाराचा. त्याच्याकडे रोज माल असतो, एका वेळी दहा पेट्या भरतील एवढा असतो. चौथा लाभ निर्यातदार, हुंडेकरी आणि दलाल यांचा. त्यांना कागद कळतो, भाव कळतो, जहाजाची तारीख कळते. यांपैकी कोणी चोर नाही. ज्याला सोय वापरता येते तो ती वापरतो, एवढीच गोष्ट आहे.

आणि शेतकरी? त्याच्याकडे एक पेटी भरेल एवढा माल बहुधा नसतोच. तो बांधावर किंवा बाजार समितीत माल विकून मोकळा होतो. पुढे तो माल कोरड्या बंदरातून गेला काय आणि ओल्या बंदरातून गेला काय, त्याला त्याचा पत्ताही नसतो.

एक साधा हिशेब करू. धरून चला की आपल्या जिल्ह्यात कोरडे बंदर झाल्यामुळे किलोमागे एक रुपया वाचला. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांच्या मोठ्या थंड पेटीत साधारण बारा-तेरा टन माल बसतो. तेरा टन म्हणजे तेरा हजार किलो. एका पेटीमागे तेरा हजार रुपये वाचले. हे तेरा हजार कोणाच्या खिशात गेले?

गावात माल घ्यायला एकच व्यापारी येत असेल तर ते त्याच्या खिशात गेले. तो भाव कशाला वाढवील? तुम्ही दुसऱ्या कोणाकडे जाणार? पण पाच व्यापारी येत असतील, आणि शिवाय तुमचा स्वतःचा गट माल पाठवू शकत असेल, तर त्या रुपयातले बारा आणे तुमच्यापर्यंत येतील. म्हणजे लाभ कोणाला हे यारी ठरवत नाही. गावातला सौदा ते ठरवतो.

हे नुसते तर्काने सांगत नाही. आपल्याच मुलखात हे एकदा घडून गेले आहे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली. १८६७ पर्यंत रूळ नागपूरला पोचले. १८७० साली खामगावच्या कापसाच्या पेठेला फाटा मिळाला. त्याआधी वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या बैलांवरून आणि गाड्यांतून महिनोन्महिने किनाऱ्याकडे जाई. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी कर्जे काढली, सावकारानेही सढळ हाताने दिली. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज मात्र तसेच राहिले. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात ते नोंदले आहे. कापसाचे भाव पडणे हे त्यामागचे एकमेव कारण नव्हते. सारावाढ होती, कोर्टकचेऱ्या होत्या. पण एक गोष्ट त्यातून शिकण्यासारखी आहे. रस्ता जगाला जोडला की जगातली तेजी गावात येते तशी जगातली मंदीही त्याच रस्त्याने येते. ज्याच्या हाती माल थांबवण्याची ताकद नाही, त्याला तेजी थोडी आणि मंदी पुरी भोगावी लागते.

आजही तसेच आहे. कांद्याचे उदाहरण घ्या. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के कर बसला. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातच बंद झाली. ४ मे २०२४ ला ती अटी घालून उठली, आणि उरलेला कर १ एप्रिल २०२५ पासून गेला. शहरातल्या गिऱ्हाइकाला कांदा महाग पडू नये हा त्यामागचा हेतू होता. तोही विचार करण्याजोगा आहे. पण रात्रीतून नियम बदलला की रस्त्यातल्या आणि बंदरावरच्या पेट्यांचे काय? कांदा काही लोखंड नव्हे. त्याला मोड येतात, पाणी सुटते. आणखी एक उदाहरण. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले. युरोपला जाणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, भाडे वाढले. याचा फटका कोणाला? पुढच्याच हंगामात नाशकाच्या द्राक्षांना. कोरडे बंदर कितीही चांगले असले तरी या दोन्ही गोष्टी त्याच्या हातात नाहीत.

मग त्याच्या हातात काय आहे, आणि आपल्या हातात काय आहे?

माझे एक मेहुणे निफाड तालुक्यात द्राक्षे पिकवतात. तीन एकर बाग. एका वर्षी त्यांच्या गटाने आठ-दहा जणांची द्राक्षे मिळून एक पेटी पाठवली. माल उत्तम होता. तोडणी सकाळच्या गारव्यात झाली, पूर्वशीतकरण झाले, पेटी भरली, मोहोर लागली. माल तिकडे पोचला आणि तार आली, म्हणजे आता तार नाही, फोनवर निरोप आला, की द्राक्षे मऊ पडली आहेत, ठरलेला भाव मिळणार नाही. पेटीच्या आत तापमान नोंदणारे एक छोटे यंत्र ठेवलेले होते. ते काढून पाहिले तर एका रात्री सहा तास आतली उष्णता चढत गेलेली. पेटी त्या वेळी एका यार्डात उभी होती आणि तिची वीज तुटलेली होती. भरपाई मागायला गेले तर ट्रकवाला म्हणे, मी वेळेवर पोचवली. यार्डवाले म्हणत, आमच्याकडे आली तेव्हाच तापलेली होती. कागद काढला. त्यावर सही होती, शिक्का होता, पण पेटी किती वाजता आली आणि येताना तापमान किती होते, तो रकाना कोरा होता. त्या कोऱ्या रकान्यापायी हंगामाचा नफा गेला.

मेहुणे मला म्हणाले, "भाऊजी, मी औषधाची फवारणी घड्याळ लावून केली, आणि हातातला कागद न वाचता खिशात घातला." पुढच्या वर्षापासून गटातला एक शिकलेला मुलगा पेटीबरोबर यार्डापर्यंत जातो. वेळ आणि तापमान लिहून घेतल्याशिवाय पावती घेत नाही. तेव्हापासून तक्रार उद्भवली नाही असे नाही, पण उद्भवली तेव्हा भांडायला कागद हाताशी होता.

म्हणून पहिली गोष्ट सांगतो. पावती वाचा. किती दिवस जागा बिनभाड्याची आहे, त्यानंतर डॅमरेज किती, वीज तुटली तर जबाबदारी कोणाची, हे माल आत जाण्याआधी विचारा. मग विचारून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट, एकट्याने जाऊ नका. तुमच्या गावात दुधाची सोसायटी असेल. चार लिटर दूध घेऊन कोणी मुंबईला जात नाही. सोसायटीत घालतो, तिथे मापते, फॅट लागते, टँकर भरतो. पेटीचेही तसेच आहे. कायद्यात २००३ पासून शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीची सोय आहे. द्राक्षवाल्यांनी तर त्याही आधी, १९९१ साली, सहकारी संस्था एकत्र आणून 'महाग्रेप्स' उभी केली होती. छोट्या मालाची एकत्र भरणी करणारी शेड कोरड्या बंदरात असली पाहिजे. चार गावांचा माल एका पेटीत, प्रत्येकाचे वजन आणि प्रत वेगळी नोंदलेली. आता खरे सांगायचे तर यार्डवाल्याला या कामात कटकट जास्त आणि पैसा कमी. भरलेल्या शंभर पेट्या आणणारा कारखानदार त्याला अधिक लाडका. म्हणून ही सोय आपण मागितल्याशिवाय मिळणार नाही. जमीन सरकारची, पैसा जनतेचा, तेव्हा मागण्याचा हक्कही आहे. तुमच्या जिल्ह्यात असे केंद्र व्हायचे असेल तर लोकप्रतिनिधीला हा एकच प्रश्न विचारा : एक टन माल आणणाऱ्याची तिथे काय व्यवस्था?

तिसरी गोष्ट प्रतीची. २०१० साली भारताची द्राक्षे युरोपात अडली. क्लोरमेक्वाट क्लोराईड या औषधाचा अंश ठरल्याहून जास्त निघाला होता. पेट्या पोचल्या होत्या, जहाजे वेळेवर होती, यारीने आपले काम चोख केले होते. तरी बागाईतदार बुडाले. तेव्हापासून तपासणीत त्या औषधाकडे काटेकोर लक्ष जाऊ लागले. आज निर्यातीच्या बागेची नोंदणी होते, पेटीतला घड कोणत्या प्लॉटमधला हे मागे जाऊन शोधता येते. याचा अर्थ असा की, निर्यातीची पहिली तपासणी बंदरावर होत नाही. ती तुमच्या बांधावर, फवारणीच्या वहीत होते.

चौथी गोष्ट थांबण्याच्या ताकदीची. द्राक्षे थांबत नाहीत, पण हळद, बेदाणा, सोयाबीन, तूर थांबतात. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० च्या सुमारापासून चालू आहे. माल गोदामात ठेवायचा, पावतीवर कर्ज उचलायचे, भाव बरा आला की विकायचे. गोदामाची पावती ही कायद्याने तारण म्हणून चालते. कोरड्या बंदराजवळ असे गोदाम असले आणि तिथल्या पावतीवर तालुक्याची बँक कर्ज देत असली, तर ती सोय यारीहून मोलाची. सांगली-तासगावकडचे बेदाणेवाले आणि हळदवाले याची साक्ष देतील. शीतगृहात माल ठेवून, भाव पाहून विकण्याची तिकडे सवय पडली आहे.

आता दोन अप्रिय गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. नाहीतर मी एकच बाजू मांडली असे होईल.

एक, हमालांची. सात वेळा उचलणे वाचले असे मी आनंदाने सांगितले. पण त्या सात वेळांवर सात कुटुंबांची चूल पेटत होती. मुंबईच्या गोदीत हजारो हात होते. पेटी आली आणि ते काम आटले. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी त्यासाठी हमालांना संघटित केले होते. पाठीवर ओझे वाहणाऱ्याला भविष्य निर्वाह निधी मिळतो, ही देशात नवलाची गोष्ट होती. आज पेटी भरण्याचे काम गोदीतून उठून आतल्या यार्डात आले आहे. तिथे ठेकेदाराचा रोजंदार माणूस असतो. त्याची नोंद कोणत्या वहीत आहे, त्याला पाठीचे दुखणे झाले तर दवाखाना कोणता, हे विचारणे हाही आपलाच प्रश्न आहे. कारण तो बहुधा आपल्याच गावचा, कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा असतो.

दुसरी गोष्ट जमिनीची. कोणतेही बंदर आकाशात होत नाही. न्हावा-शेवा आणि नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या तेव्हा १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात शेतकऱ्यांचे आंदोलन झाले. गोळीबार झाला, पाच माणसे गेली. दि. बा. पाटील त्या लढ्याचे नेते होते. त्यातूनच पुढे विकसित जमिनीपैकी साडेबारा टक्के जमीन मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व पुढे आले. आज आपला द्राक्षांचा घड ज्या धक्क्यावरून सुखाने जहाजावर चढतो, त्या धक्क्यामागे हा इतिहास आहे. उद्या आपल्या तालुक्यात कोरडे बंदर होताना ज्याची जमीन जाईल त्याला केवळ चेक नको. तिथल्या कामात, गाळ्यात, नोकरीत त्याचा वाटा हवा. हे नुसत्या माणुसकीने म्हणत नाही. ज्याला वाटा मिळतो तो त्या संस्थेची राखण करतो.

आता गुरुजनांना एक विनंती. तुमच्या शाळेजवळ मालधक्का, गोदाम, बाजार समिती किंवा पेट्यांचे यार्ड असेल तर मुलांची एक सहल तिथे न्या. गणिताला यासारखे पुस्तक नाही. पेटीचे घनफळ काढा, किलोमागचे भाडे काढा, डॅमरेजचे व्याज काढा. भूगोलाला नकाशा आहेच. निफाडचा घड रॉटरडॅमला कोणत्या समुद्रांतून जातो ते बोटाने दाखवा. आणि आठवी-नववीच्या मुलांना एक कोरी पावती देऊन वाचायला लावा. कोणते रकाने भरायचे राहिले, ते ओळखायला सांगा. यारी चालवणे, थंड पेटीची दुरुस्ती, कस्टमचे कागद करणे, ही सारी आपल्या मुलामुलींना जमणारी कामे आहेत. आयटीआयला जाणाऱ्या मुलाला हे दार आहे हे कोणी तरी सांगायला हवे. ते तुम्हीच सांगाल.

श्रोतेहो, वेळ संपत आली. थोडक्यात सांगतो. कोरडे बंदर हे मोठ्या विहिरीसारखे आहे. विहीर गावात झाली म्हणून साऱ्यांच्या शेतात पाणी येत नाही. ज्याची मोट असते, ज्याचा पाट असतो, त्याच्या शेतात येते. बारा जणांनी मिळून पाट काढला आणि पाळीपाळीने पाणी घेतले, तर विहीर बाराही जणांची. तेव्हा बंदर येते की नाही याची वाट पाहत बसू नका. गट बांधा, फवारणीची वही ठेवा, पावती वाचायला शिका. बंदर आले तर लाभ घ्यायला तुम्ही तयार असाल. आणि नाहीच आले, तरी या तीन गोष्टींनी बाजार समितीतसुद्धा तुमचे नुकसान होणार नाही.

माझे मेहुणे यंदाही पेटी पाठवणार आहेत. परवा त्यांचा फोन आला होता. म्हणाले, "भाऊजी, पावतीतला तो रकाना आता यार्डवाला आपणहून भरतो." मला वाटते, एवढे झाले तरी पुष्कळ झाले.